एकदाच सांगायचा पत्ता

आदर्शने दुपारी कोल्हापूरला राजारामपुरीतल्या आपल्या ऑफिसातून कबनूरला आईला फोन लावला आणि नेहमीसारखंच, बरी आहेस का, जेवलीस का असल्या कशातही न शिरता तिला एक पत्ता सांगितला. घरादाराचा नव्हे, वेबसाइटचा. "झणका चटणी डॉट कॉम." एकदाच सांगायचा, पुन्हा सांगायचा नाही, असा नियम होता. पलीकडे आईच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचे यंत्रमाग खडखडत होते. मग मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा. त्या वेळात आईने नळाचं पाणी, कुणाचं तरी बाळंतपण असलं काही बोलत राहायचं आणि त्याने हूं हूं करत समोरच्या कॉम्प्युटरवर दुसरं काम उरकायचं. आजही ती मध्येच गॅसवरचं दूध बघायला जाऊन आली होती. "हं, आता सांग," तो म्हणाला. माग तेवढे वाजत राहिले. आणि त्या खडखडाटातून, आईच्या अगदी कानाशी कुणी वाकलेलं असावं असा एका तरुण बाईचा दबका आवाज आला, "झणका." लगेच आई ठणठणीत म्हणाली, "झणका चटणी डॉट कॉम. व्हय का न्हाय?" "हो," म्हणून त्याने फोन ठेवला. कुणीतरी तिला सांगत होतं. परीक्षेत मागच्या बाकावरून सांगतात तसं. त्याला पहिल्यांदा आला तो राग. आपल्याला फसवलं गेलं, आणि तेही कबनूरच्या लोकांनी, याचा राग.

आदर्शचा धंदा जाहिरातींचा, आणि ज्यांच्यासाठी जाहिराती करायच्या त्या माणसांविषयी त्याला अजिबात आदर नव्हता. पुण्यात एका मोठ्या जाहिरात कंपनीत काही वर्षं काढून तो कोल्हापूरला परत आला, तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसला येताना त्याचं डोकं फिरायचं. चौकाचौकात वाढदिवसाचे फलक. वर कुठल्यातरी दादांचा कमरेपर्यंतचा फोटो, गॉगल, गळ्यात साखळी. आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांची पासपोर्टएवढी पन्नासेक तोंडं, मान वगैरे न दाखवता नुसती रचलेली. कुणाचं तोंड कुणाच्या वर, कुणाचं डावीकडे, यावरून मारामाऱ्या. या लोकांना फलक वाचण्यासाठी असतो हेच मुळी ठाऊक नव्हतं. आपलं तोंड त्यावर असलं की वाचून झालं. जाहिरातीत वेबसाइटचा पत्ता असा घालायचा की गाडीवरच्या माणसाला तो सिग्नल सुटायच्या आत दिसावा, कळावा आणि घरी पोहोचेपर्यंत डोक्यात टिकावा, हे त्याने किती जणांना सांगितलं असेल! आधी दोन सोपे शब्द, जे लोकांच्या तोंडात असतात ते. पुढे डब्ल्यूंची माळ नको, तिरक्या रेघा नकोत. इंग्रजीत लिहिला तर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, म्हणजे शब्द कुठे सुटतो ते डोळ्याला कळतं. भोवती मोकळी जागा. आणि पत्ता नेहमी फलकाच्या वरच्या अंगाला, कारण या गावात कुठल्याही फलकाचा खालचा भाग तुमचा नसतोच. तुम्ही भाडं भरा, परवानगी काढा, चार दिवसांत तिथे कुणाचा तरी वाढदिवस बांधला जातो. हे सगळं त्याने ज्या ज्या गिऱ्हाइकाला समजावलं त्या प्रत्येकाने मान डोलावली आणि शेवटी विचारलं, माझा फोटो कुठे येणार?

पत्ता टिकतो की नाही हे कुणावर तरी तपासून बघायला हवं, आणि ऑफिसातली माणसं काही कामाची नव्हती. ती त्याला खूश करायला कसलाही पत्ता तोंडपाठ करीत. मग त्याला आई सुचली. बनाबाईने, म्हणजे आईने, उमेदीची सगळी वर्षं मागांच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या होत्या. त्या आवाजात कुणी काही सांगितलं तर एकदाच सांगतात; दुसऱ्यांदा विचारायला जावं तर सांगणारा पुढच्या मागावर गेलेला असतो. चौथी शिकलेली, कॉम्प्युटरला टीव्ही म्हणणारी बाई, आणि कान असा तयार. तिच्या डोक्यात जे राहिलं ते चंदगडपासून शिरोळपर्यंत कुणाच्याही डोक्यात राहील, असा त्याचा हिशेब. तो हिशेब खराही ठरत आला होता. तिला आठवेना तो पत्ता त्याने निष्ठुरपणे मोडीत काढला होता आणि तिने फटकन म्हटलेला पत्ता गिऱ्हाइकाच्या उरावर बसून मान्य करून घेतला होता. ऑफिसात मात्र तो आईचं नाव घेत नसे. "कबनूरला पाठवलं," म्हणे. "कबनूर पास आहे." त्याचा भागीदार काशिफ, जो फलकांची चित्रं करी, त्यालाही सुरुवातीला कबनूरला कुणी कॉलेजची पोरं बसवली आहेत असंच वाटलं होतं.

"कबनूर काय म्हणतंय?" आत्ताही काशिफने पलीकडच्या टेबलावरून विचारलं. आदर्श म्हणाला, "पास." आणि तेवढ्यात झणका चटणीवाले बाळासो आत आले. दोन कांडप यंत्रं, एक पत्र्याची शेड, आणि लेटरहेडवर उद्योग समूह. बाळासो खुर्चीत बसले, त्यांनी पडद्यावरचा फलक डोळे बारीक करून बघितला आणि म्हणाले, "झकास हाय. पर पत्त्यात आमचं नाव कुटं हाय?"

"तुमच्या चटणीचं नाव झणका आहे ना? मग लोक झणकाच लक्षात ठेवणार."

"ते खरं हाय हो. पर बाळासो पायजे, थोरल्याचं नाव पायजे, धाकट्याचं पायजे. एकाचं घातलं आन दुसऱ्याचं न्हाय घातलं तर सूनबाई आमच्याच ताटात आमचीच चटणी वाडायची न्हाय. आन शेवटी समूह लिवा."

"एवढा लांब पत्ता कोण ध्यानात ठेवणार?"

"आमी ठेवतो की!" बाळासो म्हणाले. "आन ते पुडचं डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू का काढलासा? त्या दोन तिरक्या रेघा असत्यात त्या बी न्हाईत. त्याबिगर ही वेबसाइट हाय हे कसं कळणार लोकास्नी? सगळं घाला की राव, बोर्ड एवढा मोटा हाय."

आदर्शने आवाज आणखी खाली आणला. त्याचा हा हलका आवाज गिऱ्हाइकांना फार भारी वाटे. इथे बोलणं म्हणजे ओरडणं, आणि जो ओरडत नाही तो शिकलेला. तो म्हणाला, "बाळासो, आमच्याकडे पत्ता मनाने ठरवत नाहीत. कबनूरला चाचणी होते."

बाळासोंचे डोळे मोठे झाले. "लॅब हाय व्हय तितं?"

काशिफला खोकला आला. आदर्श म्हणाला, "हो." बाळासोंचं समाधान झालं. लॅबमधून पास झालेलं त्यांनी मुकाट्याने मान्य केलं, फक्त खाली कोपऱ्यात फोटो घ्यायचं कबूल करून घेतलं, आणि उद्या संध्याकाळी फलक छापायला द्या म्हणून गेले. ते गेल्यावर काशिफ म्हणाला, "बिचारी आई तुझी. लॅब झाली की रे तिची." आदर्श हसला नाही. मागून झणका म्हणणारा तो बाईचा आवाज त्याच्या डोक्यातून हलत नव्हता. लॅबमध्ये कुणीतरी घुसलं होतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्यातला उर्मटपणा त्याला आवडलाही.

आई विसरते आहे असा विचार त्याने केला नाही असं नाही. तो विचार आला, पण लगेच त्याला बाजूला सारून दुसरं काहीतरी पुढे आलं. लहानपणी ती त्याला घेऊन एसटीने कोल्हापूरला यायची, कुणाच्या तरी लग्नाला नाहीतर दवाखान्यात. खिडकीशी त्याला बसवायची आणि म्हणायची, वाच. रस्त्यावरची जी पाटी दिसेल ती त्याने वाचायची. सायकल मार्ट, खत भांडार, अमुक सोसायटी, तमुक आप्पांचं हार्डवेअर. तो वाचायचा आणि ती त्याच्यामागून मोठ्याने म्हणायची, एसटीभर ऐकू जाईल अशी. मागांच्या खोलीतली माणसं कुठेही गेली तरी खोलीतल्यासारखीच बोलतात. लोक वळून बघायचे. तिच्या केसांत सुताचा पांढरा तूस असायचा, कितीही विंचरले तरी राहायचाच, आणि तो पुसून टाकावा की आपण तिचे कुणी नाही असं दाखवून खिडकीबाहेर बघावं हे त्याला कळायचं नाही. बहुतेकदा तो बाहेर बघायचा. परतताना ती डोळे मिटून सगळ्या पाट्या उलट क्रमाने म्हणायची, एकही न चुकता, आणि तो मनातल्या मनात म्हणायचा, गप्प बस, गप्प बस. पुढे पुण्याच्या कंपनीत त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, जाहिरातीची आवड कुठून लागली, आणि त्याने एका परदेशी मासिकाचं नाव सांगितलं होतं. लग्न झाल्यावर पूर्णिमाने, त्याच्या बायकोने, दोन-तीनदा म्हणून पाहिलं की आईंना इथे घेऊन येऊ. तो म्हणाला, तिला तिथला आवाज लागतो, इथे झोप यायची नाही. हे खरंही होतं, त्यामुळे त्याला ते फार वेळा म्हणता आलं.

सकाळी त्याने सापळा लावला. सापळाच, त्याच्या मनात हाच शब्द होता. नेहमीची वेळ टाळून, चहाच्या आधीच फोन केला आणि जगात कुठेही नसलेला एक पत्ता सांगितला, "आंबट पेरू डॉट कॉम." आई म्हणाली, "आंबट पेरू," आणि हसली. मग म्हणाली, "थांब हां, गॅसवर दूध हाय." फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. चपला. दाराची कडी. आणि मग लांबून, "आफशीन! ए आफशीन!" उत्तर आलं नाही. आई परत आली ती धापा टाकत. "उतू गेलं बघ सगळं दूध."

"हं, सांग."

"काय?"

"पत्ता."

"व्हय की." आणि मग, "येकदा परत सांग की रं. आवाज खरखर येतोय तुजा."

त्याला नाही म्हणायचं नव्हतं. पण तोंडातून सवयीने तेच आलं. "एकदाच सांगायचं ठरलंय ना आई?"

"व्हय की, व्हय की," ती म्हणाली, इतक्या बारीक आवाजात की हा आपल्याच आईचा आवाज का, असं त्याला वाटलं. "ठेवतो मी. दूध पुसायचंय." आणि तिने फोन बंद केला. आजपर्यंत कधी तिने आधी फोन बंद केला नव्हता. तो हातात फोन घेऊन बसला आणि ते दूध त्याच्या डोक्यात मागे मागे जाऊ लागलं. गेल्या वेळीही गॅसवर दूध होतं. त्याच्या आधी दारात कुणी आलं होतं. त्याच्या आधी पुन्हा दूध. कितीतरी महिने त्याने पत्ता सांगितला की कबनूरला दूध उतू जात होतं, आणि त्याला वाटत होतं, छान, मध्ये अडथळा आला म्हणजे चाचणी आणखी कडक झाली. एवढा हुशार माणूस, आणि एका घरात एकट्या बाईला इतकं दूध लागतं कशाला, हे त्याला सुचलं नव्हतं.

काशिफला त्याने फोनवरच सांगितलं की आज येत नाही. काशिफ म्हणाला, "बाळासोंचं छापायला सोडू का मग?" आदर्श म्हणाला, "थांब जरा. कबनूरचं बघून सांगतो." काशिफ म्हणाला, "आई म्हण की यार एकदा." आदर्शने गाडी काढली. शिरोलीच्या पुढे लागल्यावर त्याचे फलक दिसायला लागले. या रस्त्यावर त्याचंच राज्य होतं. गाद्यांचा, फरश्यांचा, मुलींच्या वसतिगृहाचा, म्हशींच्या पेंडीचा. प्रत्येकाच्या वरच्या अंगाला दोन सुटसुटीत शब्दांचा पत्ता, भोवती ऐसपैस जागा. आणि प्रत्येकाच्या खाली कुणीतरी जन्माला आल्याचा आनंद साजरा करणारी तोंडं. एरवी तो हे बघत मजेत जायचा. आज एकेक फलक मागे पडताना त्याला वाटत होतं, हा आईने म्हटलेला की सांगितल्यावर म्हटलेला? पेंडीचा तिचा असावा, तो जुना. वसतिगृहाचा नक्की नाही, तेव्हा दूध होतं. अतिग्रे मागे पडेपर्यंत त्याने सगळे फलक दोन बाजूंना वाटून टाकले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण आईचा आजार फलकांवरून मोजतो आहोत. त्याला स्वतःची किळस आली. आजवर ही किळस त्याने सढळ हाताने दुसऱ्यांना वाटली होती. आता वाटायला गाडीत कुणी नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून तो चालत आत गेला. माग चालू होते. आईच्या शेजारच्या दारात एक बाई कांड्यांचं टोपलं कमरेवर घेऊन उभी होती, ओढणीवर सुताचा तूस. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमीच व्हय आदर्शभाऊ? फोटूत बारीक दिसतासा."

"तुम्ही आफशीन," तो म्हणाला. आवाज तोच होता. "तुम्ही आईला सांगता. पत्ते."

तिने नाकारलं नाही की ती लाजलीही नाही. टोपलं खाली ठेवलं. "इसरायच्या आत येऊन माज्या कानात घालत्यात, मग पयला शबुद सांगतो मी. पुडचं त्यांचं त्यास्नी येत हुतं. आता पुडचं बी कदी येतं, कदी येत न्हाय. वरीस होऊन गेलं की. आमच्या घरवाल्यांनी डाक्टरकडं नेल्तं, त्यो म्हणाला वयाचं हाय, वाडत जाणार. माणसांचं बी व्हायलंय आता. परवा मलाच इचारल्यात, तू कुणाची गं."

"मला कळवायचं नाही?"

"शपथ घातलीया मावशींनी." आफशीनला मागांच्या वर आवाज चढवावा लागत होता, त्यामुळे ती जे बोलत होती ते अख्ख्या गल्लीला ऐकू जात होतं. "म्हणाल्या, मला जमंना झालंय हे त्याला कळलं की त्यो फोन करायचा बंद हुईल. मी म्हटलं, असं कसं, लेक हाय तुमचा. तर म्हणाल्या, तुला ठावं न्हाय. आन खरं सांगू का भाऊ? मी कानाला कान लावून ऐकतो की दर येळंला. दुसरं काय बोलतासा तुमी त्यांच्यासंगं?"

आणि त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं? आलं हे की, म्हणजे वर्षभराचे पत्ते या बाईच्या डोक्यात राहिले. म्हणजे चाचणी तशी वाया गेली नाही, नुसतं माणूस बदललं. बाळासोंचं छापायला हरकत नाही. हे मनात पुरतं येऊन गेल्यावर त्याने आफशीनच्या तोंडाकडे पाहिलं, तिला ते ऐकू गेलं की काय असं वाटून. ती टोपलं उचलून आत निघाली होती. जाताना म्हणाली, "सकाळधरनं फोनापाशीच बसल्यात. पेरूचं कायतरी सांगिटलासा म्हणं तुमी. ते आठवाय लागल्यात. मी बाजारात गेलतो, न्हायतर..." आणि पुढचं मागांनी गिळलं.

दार उघडंच होतं. आई जमिनीवर पाट घेऊन बसली होती, पाठ ताठ, पदर सारखा केलेला, समोर स्टुलावर फोन. खोलीत करपलेल्या दुधाचा वास नव्हता. गॅसवर स्वच्छ रिकामं पातेलं होतं. ती किती लहान झाली आहे हे त्याला एकदम दिसलं. दिवाळीत तासभर येऊन गेला तेव्हा ती इतकी लहान नव्हती, की त्याने बघितलं नव्हतं. तिचे ओठ हलत होते. तिने मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि चटकन उठायला लागली.

"या की. बसा. कोण गावचं पावणं?"

त्याला वाटलं थट्टा आहे. इकडे असंच बोलतात. वर्षातून दोनदा येणाऱ्या मुलाला आईने पाहुणा म्हणणं हे तिच्या हक्काचंच होतं. तो ओशाळून हसला आणि म्हणाला, "बास की आई." ती हसली नाही. तिने खुर्ची पदराने पुसली आणि तो बसेपर्यंत आदबीने उभी राहिली. कुठल्याही परक्या माणसाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं, जरा भीत, बरंचसं अगत्याने. मग हात जोडल्यासारखं करून म्हणाली, "जरा हळू बोला हां पावणं. आमच्या आदर्शचा फोन यायचा हाय. कोल्लापुरास्नं. लई मोठ्या कामावर हाय त्यो. मी सांगिटल्याबिगर तितलं काय हलत न्हाय."

"हो?" तो म्हणाला.

"व्हय तर. आज जरा चुकलं माजं. राग आला असंल त्याला. करतोय का न्हाय कुणाला ठावं." ती पुन्हा पाटावर बसली आणि स्टुलावरच्या फोनकडे बघू लागली.

तो उठला. दारातून बाहेर आला, भिंतीला टेकला. भिंत मागांमुळे थरथरत होती आणि तो थरथराट त्याच्या पाठीत शिरत होता. गल्लीतून कुणीतरी सायकलवरून त्याच्याकडे बघत गेलं. त्याने खिशातून फोन काढला आणि आईला लावला. आत घंटा वाजली, अर्धीच. तिने ती पुरती वाजू दिली नाही.

"बोल!" तिचा आवाज दारातून आला आणि फोनमधूनही आला, ठणठणीत, एसटीभर ऐकू जाईल असा. "बोल आदर्श! मला वाटलं करतोस का न्हाय."

सांगायला त्याच्याकडे पत्ता नव्हता. "आई," तो म्हणाला, "जेवलीस का?"

पलीकडे ती गोंधळली.

"ते ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली. "पत्ता सांग की. ध्यान दिऊन ऐकतो मी. पर बिगीनं सांग, घरात पावणं आल्यात, त्यास्नी चा ठेवायचाय."